टूरिंग गाडीवर साउंड सिस्टीम: वॅट विचारण्याआधी वारा बघा

सोलापुरात आवाजाची पारख करायची रीत ठरलेली आहे: खिडकीची काच थरथरली की सिस्टीम भारी. मिरवणुकीपुरतं ते चालून जातं. पण तीच पट्टी घेऊन माणूस गाडीसाठी स्पीकर आणायला जातो, दुकानात पहिला प्रश्न टाकतो, "किती वॅटचा?" आणि खोक्यावर ३०० वॅट छापलेली जोडी घेऊन घरी येतो. सात रस्त्याच्या सिग्नलला ती जोरात वाजते, शेजारचे वळून बघतात. बाळे मागे पडलं, पुणे रस्त्यावर काटा ८०ला टेकला, की गाण्याचे शब्द कुठच्या कुठे जातात आणि उरते नुसती चरचर.

कारण गाडीवरच्या गाण्याला खरा सामना द्यावा लागतो तो वाऱ्याशी. इंजिन आणि ट्रॅफिक त्यानंतर. म्हणून कामाचा क्रम असा धरा: आधी वारा कमी करायचा, मग गाडी किती वीज देऊ शकते ते बघायचं, मग स्पीकरची जागा ठरवायची, आणि खरेदीला सगळ्यात शेवटी निघायचं. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि दोनदा खर्च करतात.

मुळात गाडीवर स्पीकर हवेत का?

एकटे फिरत असाल, फुल-फेस हेल्मेट घालत असाल आणि गाण्यांबरोबर फोन आणि नकाशाच्या सूचनाही हव्या असतील, तर सरळ हेल्मेटमधला ब्लूटूथ सेट घ्या. सेना, कार्डो ही त्यातली जुनी नावं. ४० किंवा ४५ मिलिमीटरचे छोटे स्पीकर कानापासून बोटभर अंतरावर बसतात, वीज नगण्य खातात, गाडीच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही आणि गाडी विकली तरी सेट तुमच्याकडेच राहतो. आवाज पातळ वाटला तर नवीन सेट घेण्याआधी स्पीकरची जागा तपासा. तो कानाच्या भोकासमोर बरोबर यायला हवा. एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी खालचे सूर गळतात. हेल्मेटच्या आत कानासाठी खळगा असेल तर स्पीकर त्यातच बसवा. पण त्यासाठी आतला थर्माकोल कोरू नका. डोकं वाचवण्याचं काम तोच करतो.

कानात घट्ट बसणारे इअरफोन घालून हायवेला जाणं मला मान्य नाही. हैदराबाद रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

गाडीवरचे स्पीकर कोणाला शोभतात? मागे बसणाऱ्यालाही ऐकायचं असतं त्यांना, कानाशी काही चिकटलेलं नको असतं त्यांना, आणि ज्यांच्या गाडीला मोठी काच किंवा फेअरिंग, म्हणजे पुढचं प्लॅस्टिकचं आवरण, आहे त्यांना. होंडा गोल्डविंगसारख्या गाड्यांवर कंपनीचेच स्पीकर येतात, पण त्यांना केवढा मोठा पुढचा आडोसा असतो ते विसरू नका. उघड्या हँडलच्या गाडीवर तसल्या आवाजाची आशा धरू नये.

पहिलं काम: वारा

ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज सहज ९५ डेसिबलच्या पुढे जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा, म्हणजे नायोशचा, दंडक असा: ८५ डेसिबल आठ तास सहन करता येतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं हातात राहतात. एवढ्या गोंगाटावर गाणं चढवायचं म्हणजे कानाशी वैर.

आता वॅटचं गणित. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. आणि ८० वरून १०० वर गेलात की वाऱ्याचा गोंगाट साधारण ५ डेसिबलने चढतो. तेवढीच भरपाई करायला तिप्पट वॅट हवेत. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ८० आहे. माझं म्हणणं, सिस्टीम ८०ला स्पष्ट ऐकू येईल एवढीच बांधा. त्यापुढच्या ताशी २० किलोमीटर वेगासाठी जो पैसा आणि जी वीज जाते, ती वसूल होत नाही.

वारा कमी करण्याचा रस्ता पुढच्या काचेतून जातो. मोकळा रस्ता बघून ६०-७०च्या वेगात डोकं चार बोटं खाली घ्या. गोंगाट एकदम पडला, तर काच तेवढी बुटकी आहे. उलट सीटवरून थोडं उंच झाल्यावर शांत वाटलं, तर काचेच्या कडेवरून उसळणारा भोवरा थेट हेल्मेटवर आदळतोय, आणि अशा वेळी काच उंच करण्यापेक्षा थोडी कमी केलेली बरी. वरून क्लिपने लावायचा जोडपडदा मिळतो, तो दोन-तीन उंचींवर लावून बघा. मानेभोवतीची फट बंद करणारी हेल्मेटची पट्टीही कमी लेखू नका. हे सगळं झाल्यावर पुष्कळांचे जुने स्पीकरच पुरेसे ठरतात.

दुसरं काम: वीज किती उरते

गाडीचा स्टेटर, मेस्त्री ज्याला मॅग्नेट कॉईल म्हणतात, ठरावीक वॅटच वीज बनवतो. तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, आणि तोसुद्धा चढ्या आरपीएमचा. आयडलला वीज बरीच कमी बनते. समजा आकडा २२० आहे. हेडलाइट, फ्युएल पंप, इसीयू (इंजिनचा संगणक), इग्निशन, मागचा दिवा मिळून १४० खातात. उरले ८०. त्यात फॉगलाइट लावले असतील, फोन चार्ज होत असेल, तर हातात चाळीस-पन्नासच राहतात.

गाणं सतत पूर्ण ताकद खात नाही, सरासरी मागणी कमालच्या बरीच खाली असते. त्यामुळे ५० वॅट आरएमएसची, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीची, सिस्टीम अशा गाडीवर आरामात चालते. ३०० वॅट छापलेल्या खोक्यातही बहुधा एवढंच असतं. फक्त वर लिहिलेला आकडा क्षणिक उसळीचा असतो. आरएमएस किती, एवढंच विचारा. दुकानदार उत्तर टाळू लागला तर ती जोडी तिथेच ठेवा.

घरी मल्टिमीटर लावून खात्री करा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू, आरपीएम थोडं चढवलेलं, हेडलाइट लावलेला, तर १४च्या आसपास. सिस्टीम बसवल्यावर हीच मोजणी मोठ्या आवाजात पुन्हा करा. काटा १३च्या खाली रेंगाळत असेल तर तुम्ही बॅटरीतून उधारी चालवली आहे, आणि ती कुठल्यातरी ढाब्यासमोर सकाळी वसूल होणार.

तिसरं काम: जागा

स्पीकर जितका तोंडाजवळ, तितका फायदा. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल पदरात पडतात, म्हणजे चौपट वॅट फुकट. म्हणून हँडलवर किंवा फेअरिंगच्या आत, काचेच्या आडोशाला, हनुवटीकडे रोखलेला स्पीकर सगळ्यात उत्तम. वरचे सूर सरळ रेषेत जातात. स्पीकर छातीकडे बघत असेल तर शब्द छातीलाच ऐकू येतात.

लेगगार्डवर स्पीकर बांधायची हौस खूप दिसते. पण ती जागा वाऱ्याच्या तोंडावर आहे, चिखलाच्या माऱ्यात आहे, कानापासून लांब आहे. गाडी उभी असताना फोटो छान येतो, एवढाच तिचा गुण.

हँडलवर लावताना पाइपचा व्यास मोजा. २२ मिलिमीटरचा क्लॅम्प जाड, निमुळत्या हँडलवर बसत नाही. खाली रबराची पट्टी घाला, नाहीतर घसरतो. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून स्पीकर टाकीला लागत नाही ना, क्लच आणि थ्रॉटलची केबल ताणली जात नाही ना, मीटर आणि इंडिकेटर झाकले जात नाहीत ना, हे तपासा. जोडीचं वजन दोन किलोच्या पुढे जात असेल तर हँडल जड झाल्याचं लगेच कळतं. मग ते फेअरिंगच्या ब्रॅकेटवर न्या.

फोन स्पीकरला चिकटून ठेवू नका. चुंबकामुळे त्याचं होकायंत्र चुकतं आणि नकाशा भलतीकडे तोंड करून बसतो. शिवाय इंजिनच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२१मध्ये सांगितलं आहे. कंपन झेलणारा माउंट घ्या.

मागच्या माणसासाठी टॉपबॉक्सच्या पुढच्या बाजूला छोटी जोडी लावता येते. पुढचे स्पीकर तुमच्या पाठीआड गेल्यामुळे त्याला ते नीट ऐकू येत नाहीत.

चौथं काम: खरेदी

स्पीकरवर वॅटच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, त्याकडे कुणी बघत नाही: सेन्सिटिव्हिटी. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल, हे तो सांगतो. ८७वाल्यापेक्षा ९०वाला स्पीकर निम्म्या विजेत तेवढाच आवाज देतो. वीज मोजून मिळणाऱ्या गाडीवर पैसे इथेच घाला. पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि भोवतीची कड रबराची हवी. कागदी पडदा पहिल्या पावसात लोळतो, फोमची कड उन्हात भुगा होते.

बास शोधत बसू नका. वाऱ्याचा गोंगाट मुख्यतः खालच्या सुरांचाच असतो आणि तो बास गिळून टाकतो. तीन-चार इंची स्पीकरकडून गाण्याचे शब्द आणि मधले सूर स्वच्छ मिळाले की झालं. सबवूफर हा गाडीवर वाया गेलेला खर्च.

ॲम्प्लिफायर क्लास डी प्रकारचाच घ्या. तो मिळालेल्या विजेतली ८० ते ९० टक्के कामाला लावतो, जुन्या क्लास एबीची मजल पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत, बाकी सगळी उष्णता. ॲम्प २ ओहमला चालतो की ४ला, हे स्पीकरशी जुळवून घ्या. ४ ओहमच्या ॲम्पवर दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहमचा होतो आणि ॲम्प तापून बंद पडतो.

पाचवं काम: वायरिंग

सिस्टीमचं आयुष्य इथे ठरतं. नवी गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू नका, सालपटं काढून त्यात वायर गुंडाळूही नका. आताच्या पुष्कळ गाड्यांत दिव्यांवरही संगणकाची नजर असते. अशा गाडीत हेडलाइटच्या वायरमधून वीज चोरली की मीटरवर चूक दाखवू लागतं. कंपनीने ॲक्सेसरीसाठी दिलेला जोड असेल तर रिलेच्या, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठी वीज सोडणाऱ्या स्विचच्या, इशाऱ्यासाठी तो वापरा.

सुरुवातीला बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. जोडताना ते शेवटी.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्वतंत्र वायर काढा आणि टर्मिनलपासून वितीच्या आत फ्यूज बसवा. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो ॲम्पजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज एवढी वायर उघडीच राहते, आणि ती घासून चेसिसला टेकली तर आग लागते. १० ते १५ अँपिअरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. ती बारीक तारांची, गाड्यांसाठीची घ्या. घराच्या फिटिंगची एकेरी तारेची वायर कंपनांनी तुटते. विकत घेताना टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

मग रिले. त्याच्या पायांवर आकडे असतात. फ्यूजकडून आलेली वायर ३०ला. ८७ मधून ॲम्पच्या पॉझिटिव्हला. ८६ला चावी फिरवल्यावर वीज येणारी वायर, ८५ अर्थिंगला. चावी काढली की सगळं बंद, बॅटरी रात्रभर झिरपणार नाही. ॲम्पला 'रिमोट' नावाची बारीक वायर असेल तर तीही ८७लाच जोडा.

अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. रंग लावलेल्या चेसिसच्या बोल्टला टेकवायची जुनी सवय सोडा, कारण आरपीएमबरोबर चढणारी ती शिट्टी बहुतेक वेळा त्यातूनच येते. ॲम्प आणि फोनचा चार्जर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ केले आणि वर फोन ऑक्स वायरने जोडला, की शिट्टी हमखास. फोनची चार्जिंग वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोन्हींचं अर्थिंग एकाच जागी आणा, किंवा सरळ ब्लूटूथवर जा.

आणखी एक गोष्ट जुन्या वायरमनला आवर्जून सांगा: स्पीकरची निगेटिव्ह वायर चेसिसला जोडायची नाही. जुन्या रेडिओत तसं चालायचं. आजच्या पुष्कळ ॲम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींत वीज असते. त्यातली एक बॉडीला लागली की ॲम्प जळतो.

जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळायची पद्धत सोलापूरच्या उन्हात टिकत नाही. मे महिन्यात पट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी घसरते, तार उघडी पडते. नीट क्रिम्प केलेलं (पक्कडीने दाबून बसवलेलं) लग आणि वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), हेच लावा. सोल्डर घट्ट वाटतो, पण तो जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि धक्क्यांनी नेमकी तिथेच तुटते. वायर इंजिन आणि सायलेन्सरपासून लांबून न्या, वरून स्लीव्ह घाला, हँडलजवळ वळण्यापुरती ढील ठेवा.

दोन्ही स्पीकरचं प्लस-मायनस जुळतंय का, हे पेन्सिल सेलने तपासता येतं. ॲम्पच्या वायर सोडवून सेल क्षणभर स्पीकरला टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं की पडदा बाहेर यायला हवा. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि माणूस स्पीकरला शिव्या देत बसतो.

आवाज जुळवणं

ॲम्पवर हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) असेल तर १२० हर्ट्झच्या आसपास ठेवा. छोट्या स्पीकरला खोल बास देऊन उगाच धाप लावण्यात अर्थ नाही. फोनचा इक्वलायझर सपाट ठेवा, आवाज तीन चतुर्थांश करा, आता ॲम्पचा गेन (फोनकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) हळूहळू वाढवा. जिथे आवाज फाटायला लागेल तिथून थोडं मागे या आणि ती खूण तशीच सोडा. गेन हे आवाजाचं बटण नाही.

चाचणीला पाठ असलेलं गाणं घेऊ नका. शब्द ऐकू आले नाहीत तरी मन ते भरून काढतं आणि सिस्टीम झकास वाटते. कधी न ऐकलेलं कीर्तन किंवा मुलाखत लावा आणि तुळजापूर रस्ता धरा. जाऊन-येऊन नव्वदएक किलोमीटर, त्यात गावातली गर्दी, चौपदरी आणि शेवटी बालाघाटाचा चढ, तिन्ही प्रकार मिळतात. ४०, ६० आणि ८०ला वाक्यं कळतात का ते बघा. कळत नसतील तर आवाज वाढवण्याआधी स्पीकरचा कोन बदला, मग मधले-वरचे सूर थोडे चढवा. परत आल्यावर सगळे क्लॅम्प पान्याने पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत ते सैल होतातच.

ऊन, धूळ आणि वॉशिंग सेंटर

पारा ४२-४३वर असताना उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली काय तापमान होत असेल, ते सीटवर बसताना कळतंच. ॲम्प तिथे कोंडू नका, बॅटरी चार्ज करताना तापणाऱ्या रेक्टिफायरच्या शेजारी तर नाहीच. साइड पॅनलमागे, हवा लागेल अशी जागा शोधा आणि त्याच्या धातूच्या फण्या मोकळ्या ठेवा. स्वतःची बॅटरी असलेला ब्लूटूथ स्पीकर टाकीवर बांधून फिरणाऱ्यांनी तो थांब्यावर काढून सोबत न्यावा. लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करणं मानवत नाही.

आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. पण वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनसाठी ही हमी नाही. धुताना स्पीकरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि पोराला बजावून सांगा. जाळीतली काळी माती मऊ ब्रशने काढा. कंप्रेसरची हवा मारली तर पडदा फाटतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. बोल्टने लावलेल्या स्पीकरने अशी कोणतीच नोंद बदलत नाही. चेसिसवर वेल्डिंग करण्याचा मोह मात्र आवरा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र घोषित करता येतात. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ची ४५. गावात शिरलं की आवाज कमी, एवढी सवय पुरते. महाग सिस्टीम असेल तर विमा कंपनीला कळवा. जादा प्रीमियम भरून ॲक्सेसरीचा विमा काढता येतो, आणि पुढे वायरिंगवरून दावा अडला तर बिलं हाताशी लागतात.

लांबच्या फेरीला निघताना टूलकिटमध्ये त्याच अँपिअरचे दोन फ्यूज आणि एक जादा रिले टाका. फ्यूज उडाला तर मोठ्या आकड्याचा लावू नका, सिगारेटची चांदी तर बिलकूल नको. दुसराही लगेच उडाला तर सिस्टीमची वायर बॅटरीपासून सोडा, टोकाला टेप लावा आणि गाण्याशिवाय घरी या.